जुळे सोलापुरातील फिश टँक आणि दिव्याचा टायमर

घरगुती मत्स्यालयातील दिवा रोज किती तास आणि कोणत्या वेळी चालू राहतो, यावर पाणवनस्पतींची वाढ, शेवाळाचा जोर आणि माशांची विश्रांती अवलंबून असते. हे तास रोज सारखे ठेवण्याचे काम टायमर करतो. माणसाच्या हातून ते नेमाने होत नाही. सकाळी शाळा-ऑफिसच्या गडबडीत दिवा लावायचा राहून जातो, रात्री पाहुणे बसलेले असतात म्हणून तो अकरापर्यंत चालू राहतो, रविवारी दिवसभर तसाच असतो. मासे हा अनियमितपणा बरेच दिवस सोसतात. शेवाळ मात्र प्रत्येक जादा तास पदरात पाडून घेते.

सोलापूर शहराच्या दक्षिणेला, विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या दरम्यान पसरलेल्या जुळे सोलापूरच्या वसाहतीत या प्रश्नाला दोन स्थानिक बाजू आहेत. पहिली पाण्याची. उजनी धरणाचे नळाचे पाणी शहरात रोज येत नाही, काही दिवसांआड येते आणि पिंपांत, टाक्यांत साठवून पुरवावे लागते. शेवाळ वाढले की दर आठवड्याला टँकमधले पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, असा सल्ला सगळीकडे मिळतो. शंभर लिटरच्या टँकला त्यासाठी पंचवीस-तीस लिटर चांगले पाणी लागते, आणि उन्हाळ्यात तेच घरात कमी असते. बोअरचे पाणी वापरावे, तर ते जड असते. त्यामुळे शेवाळ आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणून दिव्याच्या तासांकडेच पाहावे लागते. दुसरी बाजू विजेची. वळवाच्या वादळात, देखभालीच्या कामात, मे महिन्याच्या भाराने लाइट जाते आणि येते. म्हणून टायमर घेताना किंमत, आकार, बटणांची संख्या या सगळ्यांच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: लाइट जाऊन परत आल्यावर हा टायमर काय करतो?

टायमर निवडण्याआधी त्याच्याकडून किती तास करून घ्यायचे, हे ठरवावे लागते. नव्याने वनस्पती लावलेल्या टँकला पहिले काही आठवडे सहा तास पुरतात. मुळे धरली, नवी पाने फुटू लागली की ते आठवर नेता येतात. भरपूर झाडे असलेल्या, स्थिरावलेल्या टँकलाही दहा तासांपेक्षा जास्त प्रकाश क्वचितच लागतो. जावा फर्न, अ‍ॅनुबियास, क्रिप्टोकोरिन अशी मंद वाढणारी झाडे असतील, तर सहा-सात तासांवरही ती वर्षानुवर्षे चांगली राहतात. नुसते गोल्डफिश किंवा फ्लॉवरहॉर्न असलेल्या, झाडे नसलेल्या टँकमध्ये दिवा केवळ पाहणाऱ्यांसाठी असतो. तिथे सहा तासांच्या पुढचा प्रत्येक तास काचेवरच्या शेवाळाच्याच कामी येतो.

मासे उष्ण कटिबंधातले, म्हणून बारा तास उजेड हवा, हा हिशेब पुष्कळदा ऐकू येतो. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे जूनच्या अखेरीस दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा, तर डिसेंबरच्या अखेरीस ११ तास ५ मिनिटांच्या आसपास असतो. त्यावरून बारा हा आकडा नैसर्गिक वाटतो. पण शहरातल्या कंबर तलावासारख्या तळ्यात सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड, ढग, पाण्याचा गढूळपणा आणि पानांची सावली यांतून गाळून उरलेला प्रकाश आत पोहोचतो. टँकवरचा एलईडी दिवा पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत पूर्ण ताकदीने चालतो, आणि त्याच्याखाली पाणी जेमतेम दीड फूट खोल असते. असे बारा तास तळ्यातल्या बारा तासांच्या बरोबरीचे धरता येत नाहीत.

तास ठरले की वेळ ठरवायची. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि स्लॅबखालच्या खोलीतले टँकचे पाणी दुपारनंतर सहज तिशी ओलांडते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६ आणि ३५ अंशांना जेमतेम ७ मिलिग्रॅम विरघळू शकतो. दिवा पाण्याला थोडी का होईना उष्णता देतोच. जुन्या पट्टीतला चोक आणि ट्यूब तर एलईडीपेक्षा बरीच जास्त देतात. त्यामुळे ऐन दुपारी दिवा चालवण्यात काही मिळत नाही. दुपारी साडेतीन-चार ते रात्री दहा ही वेळ बहुतेक घरांना सोयीची पडते. मुले शाळेतून आलेली असतात, मोठी माणसे संध्याकाळी घरी असतात, आणि टँक पाहिला जातो. पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन टँकवर येत असेल, तर ते तासही प्रकाशातच मोजावेत. त्या उन्हापुढे टायमरची शिस्त वाया जाते, म्हणून आधी पडदा किंवा टँकची जागा पाहावी.

काही जण सकाळी दोन तास, मग खंड आणि संध्याकाळी पाच तास अशी विभागणी करतात. दुपारच्या अंधाराने शेवाळ मरते आणि झाडे तगतात, या समजुतीला भक्कम आधार नाही. कार्बन डाय-ऑक्साइड वेगळा न देणाऱ्या टँकमध्ये या खंडात तो वायू थोडा साठतो, इतका फायदा मानता येतो. खरा लाभ पाहणाऱ्यांचा आहे: सकाळचा चहा आणि संध्याकाळ, दोन्ही वेळा टँक उजळलेला दिसतो. एकूण तासांची बेरीज वाढू देऊ नये, एवढेच पथ्य.

बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो गोल तबकडीचा यांत्रिक टायमर. काही शे रुपयांत मिळतो, थेट सॉकेटमध्ये बसतो, तबकडीभोवतीच्या छोट्या पिना दाबल्या की तेवढा वेळ वीजप्रवाह सुरू राहतो. पंधरा मिनिटांची एक पिन असेल तर चोवीस तासांच्या ९६, अर्ध्या तासाची असेल तर ४८. त्याची मोठी खूबी ही, की सगळा कार्यक्रम डोळ्यांना दिसतो. घरातले आजी-आजोबाही पिना पाहून दिवा केव्हा लागणार ते सांगू शकतात. ज्याला मेनू, बटणे आणि अ‍ॅप यांचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी याच्याइतके सरळ साधन दुसरे नाही.

या टायमरच्या आत छोटी सिंक्रोनस मोटर असते आणि तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांवर, बांधलेला असतो. व्होल्टेज थोडे खाली-वर झाल्याने ती पुढे-मागे होत नाही. फ्रिक्वेन्सीच्या या गोष्टीत सोलापूरचे नाव मोठ्या ठिकाणी आले आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेकडील राज्यांचे ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी जोडले गेले. तेव्हापासून जुळे सोलापुरातल्या टायमरची मोटर आणि चेन्नई किंवा कोलकात्यातल्या टायमरची मोटर एकाच तालावर फिरतात. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवली जाते. दिवसभर ती ४९.९० वरच राहिली असे धरले, तरी टायमर चोवीस तासांत तीन मिनिटांपेक्षा कमी मागे पडेल. प्रत्यक्षात ती वर-खाली होत राहते आणि फरक बऱ्याच अंशी भरून निघतो. म्हणजे घड्याळ म्हणून ही मोटर उत्तम आहे.

तिची अडचण लाइट गेल्यावर सुरू होते. वीज नाही तेव्हा तबकडी जागच्या जागी थांबते आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे चालू लागते. आठवड्यात मिळून तीन तास लाइट गेली, तर दुपारी चारला लागायचा दिवा संध्याकाळी सातला लागतो आणि दहाऐवजी मध्यरात्रीनंतर एकला बंद होतो. हा फरक नेहमी एकाच दिशेने साचतो, आपोआप कधीच कमी होत नाही. २००५ साली राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली, त्यानंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत रोज काही तास वीज नसे. त्या काळात हा टायमर मत्स्यालयाला निरुपयोगीच होता. आज परिस्थिती तितकी वाईट नसली, तरी महिन्यातून एकदोनदा तबकडी फिरवून वेळ जुळवण्याची तयारी असेल तरच तो घ्यावा.

यावर एक घरगुती तोड आहे आणि ती चांगली चालते. या भागातल्या अनेक घरांत इन्व्हर्टर आहे. तो सहसा दिवे, पंखे आणि हॉलमधल्या टीव्हीच्या बोर्डाला जोडलेला असतो. टँकचा टायमर त्याच बोर्डावर लावला, तर लाइट गेली तरी तबकडी चालू राहते आणि वेळ बिघडत नाही. तीस वॅटचा एलईडी दिवा १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला जड होत नाही. कोणता सॉकेट इन्व्हर्टरवर आहे हे मेन स्विच क्षणभर बंद करून लगेच कळते. इन्व्हर्टर चौकोनी तरंगाचा असेल, तर मोटर गुणगुणते आणि थोडी जास्त तापते. शुद्ध साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर हा त्रास होत नाही.

डिजिटल टायमरमध्ये क्वार्ट्झचे घड्याळ आणि ते चालू ठेवणारी छोटी रिचार्जेबल बॅटरी असते. लाइट गेली की दिवा विझतो, पण घड्याळ चालत राहते, आणि लाइट आल्यावर टायमर त्या वेळेला जे व्हायला हवे तेच करतो. जुळे सोलापूरसारख्या ठिकाणी, इन्व्हर्टरचा आधार नसलेल्या टँकसाठी, हीच सर्वांत समतोल निवड आहे. सोलापूरच्या उन्हाळ्याने घड्याळ चुकेल, ही शंका निराधार आहे. चाळीस अंशांना नेहमीचे क्वार्ट्झ दिवसाला सेकंदापेक्षाही कमी मागे पडते. उन्हाचा परिणाम होतो तो बॅटरीवर. ती काही वर्षांत दुबळी होते आणि मग लाइट गेली की घड्याळ शून्यावर येते. नवा टायमर आणल्यावर तो आधी बारा तास तरी सॉकेटमध्ये लावून ठेवावा. अर्धवट चार्ज झालेल्या बॅटरीवर वेळ लावली तर पहिल्याच खंडात ती पुसली जाते आणि दोष उगाच टायमरला दिला जातो.

डिजिटल टायमरच्या बाकीच्या तक्रारी बहुतेक वेळा बटणांच्या गोंधळातून येतात. त्याला चालू, ऑटो आणि बंद अशा तीन अवस्था असतात. हाताने चालू केलेला टायमर ऑटोवर न आणल्यास तो ठरलेल्या वेळा पाळतच नाही. अनेक मॉडेलमध्ये ऑटोवर आणल्यावरही पुढची ठरलेली वेळ येईपर्यंत आधीचीच अवस्था कायम राहते. घर रिकामे आहे हे चोराला कळू नये म्हणून दिवे वाटेल तेव्हा लावणारी एक सोयही त्यात असते. टँकसाठी ती बंदच हवी. परदेशातल्या उन्हाळी वेळेसाठी एक तास पुढे करणारे बटण भारतात निरुपयोगी आहे, पण चुकून दाबले गेले तर महिनाभर दिवा तासभर आधी लागत राहतो. आठवड्याचे वार वेगवेगळे लावता येतात, म्हणून शनिवार-रविवार जादा तास देण्याचा मोह होतो. तो टाळावा, माशांना आणि झाडांना रविवार नसतो.

वाय-फायवर चालणारे स्मार्ट प्लग गेल्या काही वर्षांत स्वस्त झाले आहेत. विप्रो, फिलिप्स विझ, टीपी-लिंकचा टॅपो ही नावे सहज आढळतात. त्यांत वेळ मिनिटाच्या अचूकतेने लावता येते, गावाला गेल्यावर फोनवरून दिवा पाहता-बदलता येतो, आणि घड्याळ इंटरनेटवरून जुळत असल्याने ते लावावे लागत नाही. मात्र त्यांचे घड्याळ बहुधा विजेशिवाय टिकत नाही. लाइट आल्यावर प्लग आधी राउटर शोधतो, मग वेळ मागतो, आणि ती मिळाल्यावरच कार्यक्रम पुढे चालवतो. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर हे काही सेकंदांत उरकते. राउटरही बंद पडलेला असेल तर मिनिट-दोन मिनिटे लागतात, आणि फायबरची जोडणीच तुटली असेल तर दिवा त्या दिवशी लागेलच असे नाही. लाइट आल्यावर प्लगने चालू व्हावे, बंद राहावे की पूर्वीची अवस्था धरावी, हे अनेक प्लगच्या सेटिंगमध्ये ठरवता येते. टँकसाठी ‘बंद’ किंवा ‘पूर्वीची अवस्था’ योग्य. ‘चालू’ ठेवले तर पहाटे तीनला लाइट आल्यावर टँकही उजळतो. हे प्लग बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्याच जाळ्यावर चालतात. जोडताना येणाऱ्या निम्म्या अडचणींचे मूळ यात असते.

दिव्यातच बसवलेले टायमर दोन तऱ्हांचे. एका बटणावर तीन, सहा किंवा बारा तास चालून बंद होणारे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा लागणारे स्वस्त दिवे लाइट गेली की बहुधा सगळे विसरतात. या भागात त्यांच्यावर विसंबू नये. स्वतंत्र घड्याळ व बॅटरी असलेले महाग कंट्रोलर मात्र उत्तम असतात. प्रकाश हळूहळू वाढवण्या-कमी करण्याचे काम साध्या टायमरला जमत नाही, ते यांना जमते. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेले विद्यार्थी छोट्या मायक्रोकंट्रोलरला डीएस३२३१ हे घड्याळ-चिप आणि रिले जोडून स्वतःचा टायमर बनवतात. नाण्याएवढ्या बॅटरीवर ही चिप वर्षानुवर्षे वेळ धरते आणि वर्षाकाठी मिनिटाच्या आसपासच चुकते. अचूकतेत याच्या जवळ बाजारातला कुठलाही स्वस्त टायमर येत नाही. पण २३० व्होल्टची उघडी जोडणी पाण्याशेजारी ठेवू नये. १२ किंवा २४ व्होल्टच्या बाजूला रिले लावण्यातच शहाणपण आहे.

टायमरवर छापलेले १६ अँपिअर पाहून निर्धास्त होऊ नये. तो आकडा इस्त्री किंवा हीटरसारख्या भारासाठी असतो. एलईडीचा अ‍ॅडॉप्टर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो आणि चोकची ट्यूब बंद होताना ठिणगी देते. रोज हे सोसून रिलेचे संपर्क काही वेळा एकमेकांना चिकटतात आणि मग दिवा विझतच नाही. घरात झोपाझोप झाल्यावर टँक लख्ख दिसला तर आधी हे तपासावे. एका टायमरवर एकदोन दिव्यांपेक्षा जास्त भार न टाकणे हा सोपा बचाव. विजेचा खर्च किरकोळच आहे: तीस वॅटचा दिवा आठ तास चालला तर महिन्याला ७.२ युनिट, चौदा तास चालला तर १२.६.

पिनांकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि जिवाला धोका तिथेच आहे. आयात केलेले पुष्कळ टायमर युरोपीय पद्धतीच्या दोन गोल पिनांचे असतात. त्यांचे अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांतून होते. भारतीय तीन पिनांच्या सॉकेटमध्ये ते कसेबसे बसतात, पण अर्थिंग जोडले जात नाही. दिव्याची पट्टी किंवा झाकण धातूचे असेल, तर हे चालवून घेऊ नये. भारतीय सहा अँपिअरच्या तीन पिनांचा टायमर मागून घ्यावा, नाही मिळाला तर दुकान बदलावे. टँकच्या बोर्डामागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. टायमर पाण्याच्या पातळीपेक्षा वर आणि टँकपासून दूर बसवावा, आणि वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोल घेऊन वर जावी, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब झोलापाशीच गळून पडतो. टँकखालच्या बंद कपाटात दमट हवा आणि उष्णता दोन्ही साचतात. तिथे टायमर लवकर गंजतो.

एअर पंप आणि फिल्टर दिव्याच्या टायमरवर कधीही जोडू नयेत. एकाच स्पाइक गार्डमध्ये सगळ्या पिना खोचून तो स्पाइक गार्ड टायमरला लावण्याची सोय मोहात पाडते, आणि तिने रातोरात मासे मरतात. अंधारात झाडेही प्राणवायू घेऊ लागतात, सोडत नाहीत. मेमधल्या रात्री पाणी अजून कोमट असते, आणि नेमका तेव्हाच पंप बंद पडतो. कार्बन डाय-ऑक्साइडचे सिलिंडर वापरणाऱ्यांनी त्याच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला वेगळा टायमर द्यावा. तो दिव्याच्या सुमारे तासभर आधी उघडावा आणि दिवा विझण्याच्या तासभर आधी मिटावा.

अंधाऱ्या खोलीत टँकचा दिवा एकदम लागला, की मासे बिचकतात, काचेवर धडकतात, उघड्या टँकमधून उडीही मारतात. मंद होणारा महाग दिवा नसला तरी दोन साधे टायमर यावर पुरतात: एक लहान दिव्यावर आणि दुसरा मुख्य दिव्यावर, लहान दिवा अर्धा तास आधी लागेल आणि अर्धा तास उशिरा विझेल असा. संध्याकाळी खोलीत उजेड असतानाच टँक सुरू होणार असेल, तर याचीही गरज उरत नाही. निळा ‘चांदण्याचा’ दिवा रात्रभर ठेवू नये. माशांना पुरता अंधार लागतो.

कुठलाही टायमर आणल्यावर पहिल्या आठवड्यात त्याची परीक्षा घ्यावी. डिजिटल टायमर रात्रभर सॉकेटमधून काढून ठेवावा आणि सकाळी घड्याळ पाहावे. स्मार्ट प्लग असेल तर राउटर बंद करून प्लग काढून पुन्हा लावावा आणि ठरलेल्या वेळी तो काय करतो ते पाहावे. यांत्रिक टायमरवर पिनांची टक्टक् ऐकू येते का आणि तबकडीची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळते का, हे दर रविवारी पाहिले तरी पुरे. तासांत बदल करायचा झाला तर एका वेळी अर्ध्या तासाचाच करावा आणि दोन आठवडे थांबावे, कारण शेवाळ आणि झाडे दोन्ही उशिरा उत्तर देतात. बॅटरी दुबळी झालेला डिजिटल टायमर उघडून डाग देण्यापेक्षा बदललेला बरा. उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी, घर आठ-दहा दिवस बंद राहणार असेल तेव्हा, ही तपासणी पुन्हा एकदा करावी आणि दिव्याचे तास तेवढ्या दिवसांपुरते सहावर आणून ठेवावेत.